नऊ हेक्टरची मालकीण

वेल्ताने निळ्या शिक्क्याचा करार पालथा टाकला आणि त्यावर कॉफीचा कप ठेवून दिला.

"आधी रान बघायचं. मग सही."

समोर बसलेला नॉर्मुंड्स हसला. तो गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांची जंगलं विकत घ्यायचा. आल्या आल्या त्याने जाकीट काढलं होतं आणि पाचच मिनिटांत पुन्हा अंगात चढवलं होतं. तीन खोल्यांच्या त्या घरात शेगडी फक्त स्वयंपाकघरात पेटत होती, तीही सरपण संध्याकाळपुरतं राखून.

"मावशी, तिथं गुडघाभर चिखल आहे. आणि बघायचंय काय? झाडं ती झाडं."

"मी तुझी मावशी नाही. आणि तुझ्या गाडीला चाकं आहेत, मघाशीच बघितली मी."

नॉर्मुंड्सने घड्याळ पाहिलं, नाइलाजाने किल्ली उचलली. बारा हजार युरोंना अख्खं रान मिळत असेल, तर एक चक्कर मारायला काय जातंय.

गाडीत मांडीवरच्या पर्सचा खटका वेल्ता अंगठ्याने उघडत होती, मिटत होती. आठवड्यापूर्वी हीच पर्स घेऊन ती समाजकल्याण कचेरीत गेली होती. हिवाळ्याच्या सरपणासाठी गरिबांना मदत मिळते, असं कळलं होतं. तिचं निवृत्तिवेतन हिवाळ्यात निम्मं शेगडीतच जायचं, उरलेल्यात औषधं आणि बटाटे. खिडकीपलीकडच्या इनेसे नावाच्या मुलीने सगळे कागद नीट तपासले आणि ती हळूच म्हणाली होती,

"आजी, तुमच्या नावावर नऊ हेक्टर जंगल आहे. नियमाप्रमाणे तुम्ही गरिबात बसत नाही."

"मग कशात बसते?"

"कागदावर तुम्ही आमच्या साहेबांपेक्षा श्रीमंत आहात हो."

रांगेत मागे कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. परतताना या श्रीमंत बाईने दुकानातून राय धान्याचा काळा पाव अर्धाच कापून घेतला होता.

रान तिच्या आजोबांचं. परक्या राजवटीत सरकारने ते घेतलं होतं, पुढे देश स्वतंत्र झाल्यावर एक दिवस टपालाने कागद आला की तुमचं तुम्हाला परत. नवरा होता तोवर दोघं वर्षातून एकदा अळंबी गोळा करायला जायची. तो गेला, त्या बाजूची बस बंद झाली, गुडघे बोलू लागले. चौदा वर्षांत तिने तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

गाडी रानाच्या हद्दीवरच्या चराच्या कडेला थांबली. वेल्ता उतरली आणि उतरल्या जागीच उभी राहिली.

शेवटचं पाहिलं तेव्हा हे पांढऱ्या सालीचे बर्च वृक्ष मांडीएवढे होते. आता एकेक बुंधा पोटाशी कवटाळावा असा झाला होता. ओढलेल्या रेघेसारखे ते सरळ वर गेले होते.

"सगळं जळण," नॉर्मुंड्स गाडीला टेकून म्हणाला. "बर्च म्हणजे जळणच. पलीकडचे पाइन तेवढे बरे आहेत. त्यात तोडणीचा खर्च, वाहतूक... बारा हजार म्हणजे मी तुमचं वय बघून देतोय."

वेल्ताने हातमोजा काढला. तळवा सालीवर टेकवला, मान वर केली आणि झाडाभोवती एक फेरी मारली. मग दुसऱ्या झाडाकडे गेली. मग तिसऱ्या.

एकतीस वर्षं ती प्लायवूडच्या कारखान्यात होती. यार्डात ओंडक्यांच्या राशींमधून हातात खडू घेऊन फिरायचं आणि एका नजरेत ठरवायचं: हा सोलायचा, हा चिरायचा, हा जाळायचा. सोलायचा ओंडका यंत्रावर चढला की त्याचा पातळ, अखंड पापुद्रा कागदासारखा उलगडत जातो. पण त्याला गाठ चालत नाही. आतली गाठ बाहेरून दिसत नाही, ती सालीवरून वाचावी लागते. जिथून फांदी गळते तिथे सालीवर काळ्या मिशा उमटतात. मिशा टोकदार उभ्या असतील तर गाठ जवळच दडलेली. आडव्या पसरून पडल्या असतील तर गाठ पार खोल, गाभ्यापाशी, आणि तिच्यावर वर्षानुवर्षांचं निर्मळ लाकूड.

इथे मिशा होत्या त्या जवळजवळ सगळ्या आडव्या पसरलेल्या.

नॉर्मुंड्सने दोनदा हॉर्न वाजवला. पाऊण तासाने ती झाडं मोजून परत आली, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेली, गाल लाल झालेले.

"जळण म्हणालास ना?"

"हो मग."

"सहा मीटरपर्यंत गाठ नाही. तुमच्या घरी असलं लाकूड जाळतात? मिशा बघितल्यास?"

नॉर्मुंड्सचा हात नकळत स्वतःच्या ओठावर गेला. वेल्ता खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिला ठसका लागला.

"तुम्ही होतात तरी कुठं नोकरीला?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने पुन्हा एकदा त्या बुंध्यांकडे पाहिलं.

"अठरा हजार," तो म्हणाला.

"एवढ्यात सहा वाढले? मग अजून थोडं थांबू या की इथं. हवा छान आहे."

परतीच्या वाटेवर त्याने रेडिओ लावला. मात्र तिला दारापर्यंत सोडलं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी वेल्ताने तीन कारखान्यांना पत्रं लिहिली. रान विकायचं नाही, दोनशे चौदा बर्च तेवढे द्यायचे आहेत. जाडी अमुक, सरळ लांबी तमुक, बंद पाकिटात भाव कळवावा. पत्राखाली तिने फक्त आडनाव लिहिलं होतं, त्यामुळे तिन्ही उत्तरं 'माननीय वनाधिकारी महोदय' अशी आली. ती तिने शेगडीवरच्या फळीवर ओळीने उभी करून ठेवली आणि येता-जाता वाचली.

सर्वांत जास्त भाव देणाऱ्या कारखान्याला तिने होकार कळवला, तोडणीचा परवाना मिळाला. जानेवारीत जमीन दगडासारखी गोठल्यावर यंत्रं आली. वेल्ता रोज पहिल्या उजेडाला कारखान्याच्याच गाडीने तिथं हजर. हातात खडू. कारखान्याचा मोजणीदार एका ओंडक्याला दुसऱ्या प्रतीत टाकू लागला, तेव्हा ती म्हणाली, "पोरा, तो जरा फिरव." त्याने फिरवला, बघितलं आणि मुकाट्याने पहिल्या राशीत ढकलला. त्यानंतर तो प्रत्येक शंकेच्या ओंडक्यापाशी थांबून तिच्याकडे बघू लागला.

शेवटचा ट्रक गेला तेव्हा रान तिथंच होतं, जरा मोकळं झालेलं, खालच्या लहान रोपांवर ऊन पोचू लागलेलं. बँकेत आलेली रक्कम नॉर्मुंड्सच्या पहिल्या आकड्याच्या पुढे गेली होती. त्याच्या दुसऱ्याच्याही. त्या रात्री तिने तिन्ही खोल्यांची दारं सताड उघडी टाकली, शेगडीत सरपण गच्च भरलं आणि मोठ्या खोलीत बिनबाह्यांचा झगा घालून डुकराच्या मांसात शिजवलेले करडे वाटाणे दोनदा वाढून घेतले.

फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं. चरापलीकडच्या रानाचा मालक, एल्मार्स, दारात उभा होता. वय ऐंशीच्या पुढे, टोपी हातात. काखेत एक कागदाची घडी होती, आणि त्या घडीचा निळा शिक्का वेल्ताने लांबूनच ओळखला.

"लोक म्हणतात, तुम्हाला झाडं वाचता येतात," तो संकोचून म्हणाला. "माझ्याकडेही बर्च आहेत. हा माणूस म्हणतो, जळण आहे."

"सही केलीत?"

"उद्या अकराला यायचाय तो."

एल्मार्स बोलता बोलता वाकला आणि उंबऱ्यापाशी बुटांच्या नाड्या सोडू लागला. वेल्ताने खिडकीबाहेर पाहिलं. एल्मार्सची गाडी फाटकापाशी उभी होती, ऊन अजून समोरच्या छपरावर होतं. तिने खुंटीवरचा कोट काढला.

"बूट राहू द्या पायात," ती म्हणाली.