तपासणीपुरत्या गोळ्या

सुताराच्या घराण्यात रक्ताऐवजी लोणीच वाहायचं. आजोबा बेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, वडील पंचेचाळिसाव्या. डॉक्टरांनी सुताराला बजावलं होतं, "कोलेस्टेरॉल वारशात मिळालंय. गोळी रोज, जन्मभर." जन्मभर हा शब्द काही त्याच्या घशाखाली उतरला नाही. रक्ततपासणीआधी दीड महिना तो चोरून गोळ्या घ्यायचा आणि रिपोर्ट चांगला आला की सगळ्यांना सांगत सुटायचा, "गोळीबिळी काही नाही. रोज अख्खं जंगल रंध्याखालून काढतो, चरबी घाबरून पळते."

मग सव्विशीतल्या मुलीचा रिपोर्ट आला. आकडा बापाच्याही वरचढ होता.

"मी नाही गोळ्या घेणार," ती कामाच्या फळीवर डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी टाकत म्हणाली. "तुम्ही कुठे घेता, बाबा? मीपण रंधा मारीन."

सुताराचा हात थांबला. "मी घेतो. फक्त तपासणीपुरत्या. बाकी सगळ्या थापा."

ती हसली. "ही आणखी एक. मला घाबरवायला."

जन्मात एकदा खरं बोलला, तर ते पटेना. त्याने खिळ्यांच्या डब्याखालून गोळ्यांची न फोडलेली पाकिटं काढून तिच्यापुढे ओतली. तिचं हसू मावळलं.

"एवढे महिने तुम्ही गोळीशिवाय होता?"

"हो."

तिने एक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्याने पाण्याशिवायच गिळली. मग आपली चिठ्ठी उचलून मुलगी निघाली. औषधं आणशील ना, एवढं विचारायला त्याला तोंड उरलं नव्हतं.