शेवट दुरुस्त करून आण

दसऱ्याच्या सुट्टीत आपलं लग्न उरकणार आहेत, हे श्रावंतीला कळलं होतं. पण ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

आई भेटीच्या रविवारी आली होती. वसतिशाळेच्या कुंपणाजवळ लिंबाखाली बसून तिनं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीचं लोणचं सोडलं, लेक पोटभर जेवेपर्यंत थांबली आणि मग बोलली. नवरा म्हणजे ऐलय्या, आईचा धाकटा भाऊ, श्रावंतीचा सख्खा मामा. त्यात वावगं काय, आईला कळत नव्हतं. त्यांच्या घरात मामानं भाचीला करायची रीत होतीच. बाप गेल्यावर ह्याच भावानं घर उचलून धरलं होतं. पोरगी दहावीत आहे, सोळावं सरलेलं नाही, हे सगळं श्रावंतीनं सांगून पाहिलं, तरी आई मान हलवत राहिली. शेवटी तिनं लेकीचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"घरातली गोष्ट शाळेत कोणापाशी बोललीस, तर माझं मढं बघशील."

मागच्या साली गावातल्या एकीनं असंच ठरलेल्या आपल्या लग्नाबद्दल शाळेत तोंड उघडलं होतं. जीप आली, साहेब आले, मांडव उतरला. जीप गेल्यावर त्या घराशी गावानं बोलणं टाकलं, आणि ती पोरगी काही पुन्हा शाळेत दिसली नाही. आईला भीती होती ती ह्याची.

आता उरल्या हैमावती मॅडम. त्या तेलुगू शिकवायच्या, हैदराबादच्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या कथा रविवारच्या पेपरात छापून यायच्या. शिकवण्याचं त्यांना वेड होतं. एरवी धडे पाठ करून ओकायचे, एवढंच मुलींना माहीत. मॅडमनी येऊन फळ्यावर चौकोन आखले. ठिकाण नि काळ, पात्रं, पेच, कळस, शेवट. वर एक डोळा काढला, म्हणजे गोष्ट कोणाच्या नजरेतून दिसते ते. दर शुक्रवारी एका मुलीनं आपली गोष्ट तोंडी सांगायची आणि बाकीच्यांनी तिचे तुकडे त्या चौकोनांत टाकायचे. पोरींना हा तास इतका आवडायचा, की जेवणाची घंटासुद्धा नको व्हायची.

ह्या तासाला मॅडमचा एकच कडक नियम होता. एकदा एका मुलीनं अंथरूण ओलं करणाऱ्या पोरीची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी 'तूच ना ती?' म्हणून खिदळलं. मॅडम भडकल्या. गोष्ट ही रचलेली असते, सांगणारीच्या अंगाला ती चिकटवायची नाही, म्हणाल्या. "'ही तुझीच गोष्ट का?' हा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारायचा नाही."

श्रावंतीच्या मनात हा नियम घोळत राहिला. गोष्ट रचलेली असते, म्हणजे ती घरातली गोष्ट नव्हे. मग आईच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताशी बेइमानी होत नाही. आणि मॅडमसारखी हुशार बाई ऐकता ऐकता ओळखणारच की. तिला ही वाट सापडल्यावर बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

सुट्टीच्या आधीच्या शुक्रवारी ती उभी राहिली. गोष्टीतल्या मुलीचं नाव तिनं पद्मा ठेवलं, मामाचं राजय्या. मामा बोअर मारायच्या लॉरीवर काम करतो, हे मात्र तसंच ठेवलं. गावोगाव खडक फोडत हिंडतो, लॉरीतच पोत्यांवर झोपतो. घरी आला की घासूनपुसून अंघोळ करतो, तरी कानामागे खडकाची करडी भुकटी राहतेच. पद्मा लहान होती तेव्हा त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जायची आणि ती भुकटी बोटानं पुसायची. आता त्याच कानाशेजारी तिला नवरी म्हणून बसायचंय. शेवटाला तिनं पद्माच्या शाळेतली बाई आणली. बाई सुट्टीत गावी येते, आईला समजावते, मामाशी बोलते. गाजावाजा न होता लग्न मोडतं आणि पद्मा परत शाळेत येते.

ती खाली बसली. शेजारी भूलक्ष्मी होती, तिची जिवाभावाची मैत्रीण. ती डोळे विस्फारून बघत होती. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, ही श्रावंतीची..."

"भूलक्ष्मी," मॅडमनी तिला तिथंच तोडलं, "नियम काय आहे आपला?"

भूलक्ष्मीचा हात खाली आला.

मग मॅडम फळ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की श्रावंतीला वाटलं, कळलं त्यांना. त्या बोलत होत्या कानामागच्या भुकटीबद्दल. पात्र असं उभं करायचं, म्हणाल्या. तो वाईट आहे की चांगला हे सांगत बसायचं नाही, एवढीशी खूण दाखवायची. राजय्या राक्षस नाही, त्यानं तिला खांद्यावर नेलंय, म्हणून तर पेच घट्ट बसलाय. एकेक चौकोन भरत गेला. शेवटच्या चौकोनाशी येऊन खडू थांबला.

"इथं मात्र तू ढिली पडलीस, बाळ. ही बाई कुठून टपकली? आख्ख्या गोष्टीत तिनं काही केलं नाही, आणि शेवटी बाहेरून येऊन सगळं निस्तरून गेली. हा पळपुटा शेवट झाला. पद्माचा पेच आहे, तो पद्मानंच सोसायचा किंवा सोडवायचा. शेवट दुरुस्त करून आण."

श्रावंती 'हो मॅडम' म्हणाली. दुसरं काय म्हणणार. बाईच्या नाकासमोर पोरीनं आपला जीव काढून ठेवला होता आणि बाई त्याची बांधणी तपासत होती. मॅडम दुष्ट नव्हत्या, हेच वाईट होतं. दुष्ट माणसापुढं कोणी असं काही ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना व्हरांड्यात गाठून नवा शेवट सांगितला. पद्माला कोणी न्यायला येतं, ती जाते, लग्नाला उभी राहते. एवढंच. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आता ही खरी वाटते, म्हणाल्या; सुट्टीनंतर आपण ही कुठंतरी छापायला पाठवू.

सुट्टी लागली. मुलींनी तंगेडूची पिवळी फुलं तोडून बतुकम्मा, म्हणजे सणाची फुलांची उतरंड, रचली होती, ती फाटकाशी कोमेजून पडली होती. फाटकावर हैमावती मॅडमची पाळी होती. मुलीला न्यायला येणाऱ्याची चौकशी करायची, नात्याची खात्री पटल्याशिवाय तिला सोडायचं नाही, असा शाळेचा शिरस्ता. मुलींच्या काळजीपोटी घातलेला.

ऐलय्या मोटारसायकल घेऊन आला होता. नवा शर्ट, भांग पाडलेला.

"कोण तुम्ही हिचे?" मॅडमनी विचारलं.

"मामा."

"सख्खे?"

"सख्खा, मॅडम. हिच्या आईचा पाठचा भाऊ."

मॅडमनी समाधानानं सही केली. सख्ख्या मामाहून जवळचं कोण असणार. ऐलय्या ट्रंक उचलायला वाकला, आणि त्याचा कान मॅडमच्या समोर आला. कानामागे करडी भुकटी होती.

मॅडमचा पेन तसाच राहिला. त्यांनी ऐलय्याकडे पाहिलं, श्रावंतीकडे पाहिलं. श्रावंती त्यांच्याकडेच बघत होती. काही विचारू नका, तिच्या मनात चाललं होतं, फक्त सोडू नका. आज कागद पुरा नाही म्हणा, मोठ्या बाई भेटायचं म्हणतात म्हणा, आईला बोलावून घ्या म्हणा. मी काही बोलायच्या आत तुम्हीच काहीतरी करा.

मॅडमनी विचारलं. ज्या प्रश्नाला त्यांच्या वर्गात बंदी होती, तोच, आणि तोही ऐलय्यासमोर.

"श्रावंती, ती... ती तुझीच गोष्ट होती का?"

ट्रंक हातात धरून मामा बघत होता. श्रावंतीला आईचं डोकं आठवलं, तेल लावलेले केस, तळव्याखालची ऊब.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "रचलेली होती."

मॅडमचे खांदे सैल झाले. त्यांना तेच ऐकायचं होतं, हे श्रावंतीला लख्ख दिसलं, आणि त्या बाईचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. "नीट जा हं," मॅडम म्हणाल्या. मागं दुसऱ्या मुलीचा चुलता खोळंबला होता. त्या त्याच्याकडे वळल्या आणि विचारू लागल्या, तुम्ही कोण हिचे, सख्खे का.

गाडी डांबरी सडकेला लागली. ट्रंक मधे होती, तिला घट्ट धरून श्रावंती बसली. थोडं पुढं गेल्यावर ऐलय्यानं मान कलती करून विचारलं, ती लहान असताना विचारायचा तसंच, लेकराला विचारावं तशा मायेनं.

"कसली गोष्ट गं, बिड्डा?"

"शाळेतली."

"मलाही सांग की. शेवट काय होतो?"

"माझा चुकला होता," श्रावंती म्हणाली. "मॅडमनी दुरुस्त करून घेतला."

'हुशार आहे माझी पोर', असं म्हणून त्यानं गाडीचा वेग वाढवला.