पाटीवरचं साल

माझ्या आत्याला मी कागदावर मारलं. सांगायचंच आहे तर सरळ सांगतो, उगाच फाटे कशाला फोडायचे.

आत्या म्हणजे जनीआत्या, बदलापूर गावातली धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी आला तरी धवलारीण लागतेच. ती गाण्यातून देवांना बोलावते, मगच हळद लागते. तिने तोंड उघडल्याशिवाय नवरीच्या गालाला बोट लावायची कोणाची टाप नाही. चाळीस वर्षं आत्याने अशी लग्नं लावली, पार पालेगावपर्यंत. लिहिता-वाचता येत नाही, पण चार दिवस गायली तरी एक गाणं दुसऱ्यांदा यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी उल्हास नदीच्या काठावर एक छोटं संग्रहालय झालं. गावातल्या जुन्या वस्तू द्या म्हणाले. आत्याने आपलं पितळेचं ताट आणि हळदीने पिवळं झालेलं लुगडं स्वतः माझ्या हातात दिलं. ‘‘ने, लोकांना बघू दे,’’ म्हणाली. मी नेलं. तिथे हिमानी मॅडम होत्या, वस्तूंची नोंद त्या ठेवायच्या. त्यांनी नियम सांगितला. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ वस्तू दिली तर भिंतीवर पितळी पाटी आणि खाली देणाऱ्याचं नाव. बाकीच्यांची नावं वहीत.

आणि भिंतीवर बघतो तर काय, आमच्या भावकीतला सदू आधीच लागलेला! त्याच्या आज्याचं मिठागरातलं फावडं, आणि खाली ठळक अक्षरात सदूचं नाव. पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्याही डोक्यात आणि माझ्याही. माझी सटकलीच. हा भिंतीवर आणि मी वहीत? फॉर्मवर ‘मृत्यूचे साल’ असा रकाना होता. मी लिहिलं, २०१९. हात जरासुद्धा अडखळला नाही. झडला कसा नाही तो मेला हात!

हिमानी मॅडम हळहळल्या. ‘‘असत्या तर सगळी गाणी रेकॉर्ड केली असती. गाणारं दुसरं कोणीच उरलं नाही का हो?’’

‘‘नाही मॅडम, ती शेवटची,’’ मी म्हटलं.

घरी येताना मनाची समजूत घातली. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, म्हणजे मी म्हातारीचं भलंच केलं. असा मी दीडशहाणा. गावातलं कोणी तिकडे फिरकत नाही, सदू स्वतःची पाटी बघून आला तेवढाच, तोही माझी पाटी लागायच्या आधी. म्हणून हे दोन वर्षं खपून गेलं.

फक्त आत्या काही सोडेना. ‘‘माझा ताट कसा ठेवलाय तो दाखव ना रं.’’ कधी मी सांगायचो सोमवारी बंद असतं, कधी रंगकाम काढलंय, कधी पुराचं पाणी शिरलंय. शेवटी एका रविवारी ठेवणीतलं लुगडं नेसून ती माझ्या दारात उभी. ‘‘नेतोस का रिक्षा करू?’’

मी विचार केला, हिला वाचता कुठे येतंय? आणि रविवारी मॅडम नसतात. नेली.

मॅडम होत्या.

आत्या आधी खिडकीपाशी गेली. खाली नदी, लाद्या बसवलेला काठ, बाकड्यांवर पोरं-पोरी. ‘‘हितं आमी गोधड्या धुवाचो,’’ ती म्हणाली. मग काचेच्या कपाटात तिला तिचं ताट दिसलं. खुदकन हसली. काचेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘घासलाय चांगला.’’

हिमानी मॅडम पुढे आल्या. ‘‘आजी, वाचून दाखवू?’’

‘‘नको मॅडम, घाई आहे आम्हाला,’’ मी म्हटलं.

‘‘कसली घाई? वाच गं बाय, मना ऐकाचा हाय.’’

मॅडमनी वाचलं, मोठ्याने आणि स्वच्छ. ‘‘कैलासवासी जनीबाई. बदलापूर गावच्या शेवटच्या धवलारीण. मृत्यू २०१९. त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही गेली. देणगीदार, त्यांचे भाचे हिरामण.’’

आत्याचा हात काचेवरच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. मॅडमनीही बघितलं. ‘‘ह्या कोण तुमच्या?’’

एवढाच साधा प्रश्न. तेव्हा सांगता आलं असतं. चुकलो मॅडम, ही तीच, असं म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पाटी गेली असती, सदू चार दिवस हसला असता. पण माझ्या तोंडून निघालं, ‘‘ही तिची बहीण. माझी धाकटी आत्या.’’

तिच्यासमोर म्हटलं. तिच्या तोंडावर.

मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. आत्या शिव्या द्यायला लागली की अख्खी आळी गोळा होते. पण तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘व्हय बाय. मी तिची बहीन.’’

मॅडमचा चेहरा उजळला. ‘‘मग तुम्हाला येत असतील त्यांची गाणी! थोडी तरी?’’ लगेच मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं त्यांनी. इतकी वर्षं आत्याला असं कोणी विचारलं नव्हतं. लग्नापुरती बोलवायची, लुगडं हातात द्यायचं, झालं. तिने मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलले तिचे. मी मनात म्हटलं, गा बाई, गा आणि मला उघडा पाड.

‘‘नाय बाय,’’ ती म्हणाली. ‘‘गानी तिलाच याची.’’

गाडीत बसल्यावर मी लावलेली किल्ली परत काढली. ‘‘आत्या, मी आत जाऊन खरं सांगतो.’’

‘‘आणि मना पन खोटी पाडतोस? गप गाडी चालव.’’ निम्म्या वाटेत तिने विचारलं, ‘‘हितेशचा लगीन कवा झाला रं?’’

हितेश माझा थोरला. ‘‘बावीस साली.’’

‘‘मंग ता कोनी लावला?’’

घसा बसेपर्यंत गायली होती ती त्याच्या मांडवात. घरापाशी उतरली, पण जेवून जा म्हणाली नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. लाज वाटली, पण संग्रहालयात परत जायची हिंमतही झाली नाही.

महिन्याने माझ्या लेकीची, रिद्धीची हळद होती. मांडवात सदूसकट सगळी भावकी. रिद्धी पाटावर बसलेली, वाटीत हळद कालवलेली, आणि आत्या पुढच्या खुर्चीत गप्प. एक बाई म्हणाली, ‘‘जनीबाय, घे ना आता देवाचा नाव.’’

‘‘मना कुठं येतंय? गानारी व्हती ती मेली, एकोनीस साली. हिरामणला इचारा, त्यानं पाटी लावलीय.’’

बायका हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा करते. आत्या हसत नाही हे दिसल्यावर एकेक करत गप्प झाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

‘‘पप्पा, काय बोलते ती?’’ रिद्धीने विचारलं.

पळून जावंसं वाटलं. डीजेवाल्याला नुसता इशारा केला असता तरी दणदणाट सुरू झाला असता आणि मी सुटलो असतो. खरं सांगतो, माझा हात अर्धा वर गेलासुद्धा. मग पाटावरची पोर दिसली, तिचे कोरडे गाल दिसले. हात खाली घेतला.

मी आत्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, भिंतीवर नाव लागावं म्हणून मी जितीजागती आत्या मेली असं लिहिलं. मग तिच्याच तोंडावर तिला तिची बहीण म्हटलं. तिची गाणी रेकॉर्ड होणार होती, ती माझ्यामुळे राहिली. आवाज फुटत नव्हता. सदू माझ्या मागेच उभा होता, पण त्याचं आता काही वाटेना. शरम वाटत होती ती फक्त तिची.

आत्या खुर्चीतून वाकली. माझा कान धरून पिरगाळला, पन्नाशीच्या माणसाचा, भर मांडवात.

‘‘जरा मोठ्यानं बोल,’’ ती म्हणाली. ‘‘पाठच्या बायांना नाय ऐकू आला.’’

मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून परत सांगितलं.