कुलदैवत विचारणाऱ्या बाई

मी 'जाती' बोलतेय. एक शब्द आहे मी. पुस्तकात मला जाती म्हणतात, घरात जात. नाव ऐकून इकडेतिकडे पाहिलंत ना? पाहणारच. माझाही तुमच्यावर फारसा विश्वास नाही.

तीन घरी मी सुखात नांदले. गाण्यात पाच सुरांच्या रागाची जाती औडव, सहांच्या रागाची षाडव, सातांच्या रागाची संपूर्ण. कवितेत ओळीच्या मात्रा मोजतात, त्या वृत्तांना जाती म्हणतात. जीवशास्त्रात तर सगळी माणसं मिळून माझ्या एकाच खोलीत राहतात. चौथ्या घराबद्दल काय सांगू? तिथं मला माझीच लाज वाटते.

दहावीतली मैत्रेयी मला तिन्ही विषयांत भेटायची. "ही बया सगळीकडे कशी?" म्हणून हसायची. उल्हासनगरहून अंबरनाथ पूर्वेला कुमुदिनीबाईंकडे गाणं शिकायला यायची. बाई जीव लावून शिकवायच्या, मान्य. तरी मला त्यांचा संशय यायचा. रागाची जाती खणखणीत आवाजात विचारायच्या, पण नव्या मुलीचं आडनाव विचारताना आवाज एकदम मऊ व्हायचा.

मैत्रेयीचे वडील राजेंद्र पवार अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते. २००६ साली ते अंबरनाथला भाड्यानं घर शोधत होते. दोन मालकांनी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग गावातली आळी. शेवटी "कळवतो" म्हणाले. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण चौकशी माझीच चालली होती.

तेवढ्यात कुमुदिनीबाईंचा शेजारचा ब्लॉक रिकामा झाला. मैत्रेयीला वाटलं, आता रोज पहाटे बाईंच्या तंबोऱ्यावर रियाज होईल. राजेंद्र भेटायला गेले. पवार या आडनावावरून बाईंना काही उमगेना. चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "कुलदैवत कुठलं हो तुमचं?"

दोनदा पोळलेला माणूस तो. "जेजुरीचा खंडोबा," म्हणाला. चावी मिळाली.

घरी राजेंद्रनी आई गयाबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "छप्पन साली देव सोडले आम्ही. खोलीपायी परत आणलेस होय रे?"

"आई, पोरीच्या गाण्याचा प्रश्न आहे. बाबासाहेबांची तसबीर थोडे दिवस ट्रंकेत राहू दे."

गयाबाई त्या दिवशी जेवली नाही.

सामान लावताना मैत्रेयीनं स्टुलावर चढून तसबीर थेट दारासमोर लावली. राजेंद्र बघत राहिले, पण त्यांनी ती काढली नाही. संध्याकाळी बाई दूध घेऊन आल्या. आधी तसबिरीकडे पाहिलं, मग राजेंद्रकडे.

"आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "माझं काही नाही हो. पण घरावर भावाचंही नाव आहे. तो ऐकायचा नाही."

या भावाबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

दूध ओट्यावर ठेवून बाईंनी मैत्रेयीच्या गालाला हात लावला. "क्लासला मात्र येत जा हं."

"नाही येणार, बाई," मैत्रेयी म्हणाली.

एवढंच मागते, लोकहो. मला विचारायचं असेल तर माझं नाव घेऊन विचारा. चहाच्या कपामागे, देवामागे लपवू नका. तोंडातून नाव निघालं तर तुम्हालाही ऐकू जाईल, तुम्ही काय विचारताय ते.

दुसऱ्या दिवशी टेम्पो परत भरला. राजेंद्रनी तसबीर उतरवली आणि सवयीनं ट्रंकेचं झाकण उघडलं.

"आण इकडे," गयाबाई म्हणाली. तसबीर मांडीवर घेऊन ती ड्रायव्हरशेजारी बसली, तसबिरीचं तोंड समोरच्या काचेकडे करून. "आता कोणापासून झाकायचं आहे?"