कान्होजी शिकागो मेला

बुधवार, १४ फेब्रुवारी १९०६. सकाळी साडेसात वाजता ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजात मल्हारराव जगदाळे यांच्या घरी पळसाची पाने आली, आणि थोड्याच वेळात त्यांच्या धाकट्या सुनेने आपल्या खोलीचे दार आतून लावून घेतले.

पाने पुतळ्यासाठी होती. परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, तेवढ्यात त्याची काही वार्ता आली नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. त्या दिवसापासून तो माणूस मृत धरला जातो. इथे तो माणूस म्हणजे मल्हाररावांचा धाकटा मुलगा कान्होजी. मुंबईहून आलेल्या एका तारेला त्या दिवशी, माघ वद्य पंचमीला, तिथीने बारा वर्षे पूर्ण होत होती. पुतळा पेटला की कान्होजीच्या बायकोचे, राजलक्ष्मीचे, कुंकू पुसले जाणार होते.

ती आत रडत नव्हती, ओरडतही नव्हती. दाराआडून ती एकच गोष्ट सांगत होती: आधी मेल्यातल्या सैरबीनवाल्याला त्याच्या चित्रांच्या पेटीसकट घरी आणा, पुतळा मग करा.

कान्होजी अमेरिकेला गेला तो १८९३ साली. जगदाळ्यांची तिसरी पिढी शिंद्यांच्या घोडदळात होती, पण घोडदळ कमी होत चालले होते आणि धाकट्या मुलाला जागा मिळत नव्हती. त्या वर्षी शिकागो शहरात जगभरच्या मालाचे प्रदर्शन भरायचे होते. तिथल्या हिंदुस्थानी मंडपात चहा पाजला जाणार होता आणि मंडपाच्या दारात भाला घेऊन उभी राहतील अशी उंच, रुबाबदार माणसे हवी होती. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा माणूस त्यासाठी ग्वाल्हेरला आला. कान्होजी सहा फूट होता. महिन्याभरात तो बोटीवर चढला.

शिकागोहून त्याची तीन पत्रे आली. पहिल्यात त्याने लिहिले होते की तळ्याकाठी पांढऱ्या महालांचे एक आख्खे गाव उभे आहे, रात्री विजेच्या दिव्यांनी ते दिवसापेक्षा जास्त उजळते. लांबून संगमरवर वाटतो, पण सगळे लाकडी सांगाड्यावर चुना आणि ताग थापून केलेले आहे, भिंतीत खिळा टोचला तर बोटभर आत जातो. दुसऱ्यात एका प्रचंड पाळण्याचे वर्णन होते. त्याला छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसे, आणि वर गेले की तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. मंडपात येणाऱ्या मडमा आपल्या शिंदेशाही पगडीला हात लावून पाहतात, ती डोक्याला चिकटवली आहे असे त्यांना वाटते, हेही त्याने त्यात लिहिले होते. तिसऱ्या पत्रात त्याने विचारले होते की प्रदर्शन संपल्यावर परत येऊ का.

मल्हाररावांनी उत्तर दिले. रिसालदाराचा मुलगा चहाच्या दुकानाच्या दारात उभा राहतो, त्याने या घरी तोंड दाखवण्याची घाई करू नये, असे ते उत्तर होते. त्यानंतर पत्र आले नाही. पुढच्या माघात तार आली.

तारेत इंग्रजी अक्षरांत तीन शब्द होते: कान्होजी शिकागो मेला. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. तारमास्तर मराठी होते. त्यांनी ती मराठीत वाचली आणि टोपी काढली. घरानेही ती तशीच वाचली. मल्हारराव त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

राजलक्ष्मी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी बांगड्या फोडायला बायका जमल्या, तेव्हा तिने तार पुन्हा वाचून घ्यायला लावली आणि सासऱ्यांच्या देखत पहिल्यांदा बोलली.

"मामंजी, घरच्या माणसाला कुणी 'मेला' लिहितं का? वारले लिहितील, गेले लिहितील. मेला ही तर शिवी झाली. ही तार हिंदीत आहे, मेला म्हणजे जत्रा. तिकडची स्वारी शिकागोच्या मेल्यात आहे, एवढंच कुणी तरी कळवलंय."

ग्वाल्हेरच्या मराठी घरात हे अगदीच उडवून लावण्यासारखे नव्हते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भाजीवालीशी बोलताना दोन्ही, अशीच तिथली रीत. पण थोरले दीर जयसिंहराव इंदरगंजातल्या कचेरीत कारकून होते, इंग्रजी वाचत होते, आणि त्यांच्याकडे दोन उत्तरे होती. एक म्हणजे तारेला शब्दागणिक पैसे पडतात, तिथे वैकुंठवासी झाले असे कोण लिहील. दुसरे अवघड होते. शिकागोचे प्रदर्शन ऑक्टोबरातच बंद झाले होते. जानेवारीत त्यातल्या काही इमारतींना आग लागली, ही बातमी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात छापूनही आली होती. मग फेब्रुवारीत कान्होजी कोणत्या मेल्यात असणार?

याचे उत्तर राजलक्ष्मीकडे नव्हते. बारा वर्षे नव्हते.

तोड काढली ती घरचे पुरोहित गोपाळकृष्ण शास्त्री यांनी. प्रेत नाही, साक्षीदार नाही, तार कोणाची ते माहीत नाही, तेव्हा शास्त्राप्रमाणे बारा वर्षे थांबावे. सगळ्यांनी ते मानले. तेव्हापासून राजलक्ष्मीच्या कपाळावर कुंकू होते, पण तिला हळदीकुंकवाचे बोलावणे नव्हते.

मधल्या काळात शब्दच तिच्या मदतीला आला. दरबाराने ग्वाल्हेरात हिवाळ्यात मेला भरवायला सुरुवात केली. जनावरे, कापड, भांडी, तमाशे, सगळे एका मैदानावर. मराठी घरांनी पहिल्यांदा त्याला जत्रा म्हणून पाहिले, मग प्रदर्शन म्हणून पाहिले, आणि पंधरा दिवसांत सगळे मेला म्हणू लागले. एकदा जयसिंहराव संध्याकाळी उशिरा घरी आले आणि मेल्यात होतो म्हणाले. त्यांची बायको शालिनीताई ताट वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं चालत आलात. तार आली असती तर मी रडत बसले असते."

जयसिंहराव हसले नाहीत, पण त्या दिवसापासून घरात मेला हा शब्द जपून वापरू लागले.

यंदा, पंचमीच्या काही दिवस आधी, शालिनीताई आणि राजलक्ष्मी बायकांसाठी राखलेल्या दिवशी मेल्यात गेल्या. बांगड्यांच्या दुकानांपलीकडे एक सैरबीनवाला तिपाईवर पेटी ठेवून बसला होता. पेटीला दोन भिंगे, आत परदेशी छापील जोडचित्रे. डोळे लावले की चित्रातली माणसे पुढे येऊन उभी राहत. तो एका सुरात ओरडत होता, "आओ बाई, देखो बाई, शिकागो मेला देखो."

राजलक्ष्मी जागीच थांबली. बारा वर्षांपूर्वी तारमास्तरांनी जे दोन शब्द वाचले होते तेच, त्याच क्रमाने, एक माणूस पोटासाठी ओरडत होता.

तिने पेटीला डोळे लावले. पांढरे महाल दिसले, पाण्यातल्या होड्या दिसल्या, मोठा पाळणा दिसला. पुढच्या एका चित्रात पुन्हा पांढरे महाल होते आणि एका कोपऱ्यात, चहाच्या तंबूच्या दारात, शिंदेशाही पगडी घातलेला एक उंच माणूस उभा होता. चेहरा हलला होता, नाकडोळे एकात एक मिसळले होते. पगडी मात्र स्थिर होती. शालिनीताईनेही पाहिले. तिने आधी जावेच्या पाठीवर हात ठेवला आणि मग पुन्हा पाहिले.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितले. जयसिंहरावांचे म्हणणे असे पडले की चित्र शिकागोचे आहे आणि कान्होजी शिकागोत होता हे कोणी नाकारलेलेच नाही. फोटो १८९३ चा; तार त्यानंतरची. यात नवीन काय? पंचमीला विधी ठरला आहे, वडिलांना उगाच आशा लावू नये.

ते चुकीचे बोलत नव्हते. मल्हारराव पंचाहत्तरीला आले होते. मुलाला आपल्या हयातीत पाणी मिळावे, एवढेच ते वर्षभर मागत होते. कान्होजीला ते उत्तर लिहिणारा हात आपलाच होता, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवले नव्हते आणि घरात कोणी विसरलेही नव्हते.

बुधवारी दार लागल्यावर शालिनीताईने कोणाला न विचारता टांगा मैदानाकडे पाठवला. मेला उठायला आला होता, सैरबीनवाला सामान बांधत होता. साडेनऊला तो पेटीसह अंगणात हजर झाला. पळसाच्या पानांशेजारी तिपाई मांडली गेली, तेव्हा कुठे दार उघडले.

शास्त्रीबुवा सोवळ्यात होते. ज्या भिंगाला आख्ख्या लष्करने डोळे लावले त्याला ते शिवणार नव्हते. त्यांनी जयसिंहरावांना पाहायला सांगितले आणि स्वतः हातभर अंतरावर उभे राहिले.

जयसिंहराव वाकले.  मग सैरबीनवाल्याला ते चित्र पेटीतून बाहेर काढायला लावले आणि उजेडात धरून खालची बारीक इंग्रजी ओळ वाचली. वाचले ते त्यांना लपवता आले असते. अंगणात दुसऱ्या कोणाला इंग्रजी येत नव्हते.

"हे शिकागो नाही," ते म्हणाले. "ओमाहा म्हणून गाव आहे. तिथलं प्रदर्शन. साल अठराशे अठ्ठ्याण्णव."

सैरबीनवाल्याने खुलासा केला की त्याला अमेरिकेची चित्रे गठ्ठ्याने मिळाली. सगळीकडे पांढरे महाल, तेव्हा तो सगळ्यांनाच शिकागो म्हणतो. तिकडे एक मेला उठला की दुसऱ्या गावी दुसरा लागतो, असे त्याला विकणाऱ्याने सांगितले होते. खेळवाले, दुकानवाले तेच. बंजाऱ्यांसारखे सामान उचलून पुढे जातात.

 राजलक्ष्मीला बारा वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच माणसाने दिले होते.

जयसिंहरावांनी मात्र शंका सोडली नाही. साल मान्य, पगडीही मान्य. पण चहावाल्या व्यापाऱ्याने ती पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली नसेल कशावरून? पोशाख व्यापाऱ्याचा, आत माणूस कोणीही. चेहरा तर दिसतच नाही.

तेव्हा मल्हारराव उठले. त्यांना वाकता येत नव्हते म्हणून तिपाई पाटावर चढवली. चित्र पुन्हा आत गेले. त्यांनी भिंगांना डोळे लावले, बाजूला झाले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पुन्हा लावले.

लहानपणी घोड्याची लाथ बसून कान्होजीच्या डाव्या भिवईवर व्रण राहिला होता. तो झाकायला तो पगडी डावीकडे ओढून घालायचा. परेडच्या मैदानावर घोडा शिकवताना बापाने त्यासाठी त्याला किती वेळा झापले होते, ते त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होते.

"पगडी कुणाच्याही डोक्यावर ठेवता येते, जयसिंह," म्हातारा म्हणाला. "इतकी वाकडी फक्त आमच्याच घरात घालतात."

मग ते शास्त्रीबुवांकडे वळले आणि विचारले, आता मोजणी कुठून धरायची.

शास्त्रीबुवांनी घाई केली नाही. माणूस जिवंत आहे असे आपण म्हणत नाही, हे त्यांनी आधी स्पष्ट केले. पण शास्त्र शेवटच्या वार्तेपासून मोजते, आणि बापाने ओळखलेली खूण ही वार्ता धरायला हरकत नाही. अठ्ठ्याण्णवात बारा मिळवले की एकोणीसशे दहा. तोवर पुतळा करता येणार नाही.

"आणि मधे आणखी एखादा मेला निघाला तर?" शालिनीताईने विचारले.

"तर तिथून पुढे बारा," शास्त्रीबुवा म्हणाले. "माझं काय जातं? पळस दर वर्षी फुटतो."

त्या दिवशीचा स्वयंपाक आधीच सुरू झाला होता. आणलेल्या पानांच्या पत्रावळी लावल्या गेल्या आणि दुपारी सगळे त्यांवरच जेवले. सैरबीनवालाही ओसरीवर जेवला. मल्हाररावांनी त्याच्याकडून ते चित्र मागितले. त्याने दुप्पट किंमत सांगितली आणि त्यांनी ती दिली. संध्याकाळी शेजारच्या घरून राजलक्ष्मीला हळदीकुंकवाचे बोलावणे आले. ती गेली.

पुढची हकीगत टपालाची आहे. जयसिंहरावांनी त्याच आठवड्यात ओमाहाच्या नगरपालिकेला इंग्रजीत पत्र लिहिले. खाली मराठीत दोन ओळी मल्हाररावांनी सांगितल्या: पत्र मिळेल तिथून घरी यावे, कामाबद्दल कोणी काही विचारणार नाही. ओमाहाहून सात महिन्यांनी उत्तर आले की प्रदर्शनाची कचेरी केव्हाच मोडली, पण चहाचा तंबू चालवणारा माणूस पुढे १९०१ च्या बफेलोच्या प्रदर्शनात गेला होता. बफेलोला लिहिले. तिथल्या एका निवृत्त व्यवस्थापकाने आठवणीवरून कळवले की हिंदुस्थानी तंबूच्या दारात पगडीवाला एक उंच मनुष्य होता, मुले त्याला जनरल म्हणत, आणि प्रदर्शन संपल्यावर तो सेंट लुइसला जायचे म्हणत होता. तिथे १९०४ साली मोठा मेला भरायचा होता. नाव त्यांना आठवत नव्हते.

हे उत्तर शास्त्रीबुवांना वाचून दाखवले. त्यांनी ते वार्ता म्हणून धरले आणि मोजणी १९१३ वर नेली. मल्हाररावांनी तेवढे जगायचे ठरवले आहे, असे शालिनीताई सांगते. रोज सकाळी ते फाटकापर्यंत चालू लागले आहेत.

सेंट लुइसला पत्र १९०७ च्या दिवाळीनंतर गेले. त्यात चित्राची एक नक्कल घातली आहे, आणि मल्हाररावांच्या दोन ओळींखाली या वेळी राजलक्ष्मीची एक ओळ आहे; ती तिने कोणाला वाचू दिली नाही. पत्र पोचल्याची पावती फेब्रुवारी १९०८ मध्ये माधवगंजात आली. पावतीवरची सही कोणाची, ते लागत नाही. उत्तर अजून आलेले नाही.