मोठ्या मापाचे जाकीट

मित्रांनो, मी एक जुने, नारिंगी रंगाचे लाइफ जॅकेट आहे. पोलीस चौकीत सगळे मला जाकीटच म्हणतात. रंग विटला आहे, खांद्यांवरच्या चमकत्या पट्ट्या सोलल्या आहेत. तरी माझी हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण माझ्यामुळे एक जीव जाता जाता राहिला.

कारखान्यात शिवणाऱ्या बाईने माझ्या कॉलरच्या आत एक चिठ्ठी शिवली होती. तिच्यावर सगळ्यात मोठे माप छापलेले होते. माझ्यासारखी सहा जाकिटे एका खोक्यातून आरे-वारेच्या किनाऱ्यापुढच्या एका लहानशा सागरी पोलीस चौकीवर आली. सहाच्या सहा एकाच मापाची!

मी वेदिकाच्या वाट्याला आले. ती लांज्याकडच्या शेतकरी घरातली. होडीत पाय ठेवला तो पोलिसात भरती झाल्यावरच. अंगाने शिडशिडीत. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी मी तिला सैलच. गस्तीच्या बोटीचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, गंगाराम रोज मला सुतळीने तिच्या कमरेला आवळून बांधायचा.

"बाय, ह्या जाकीट हाय की गोधडी?" तो म्हणायचा. ती हसायची. मला मात्र ओशाळल्यासारखे व्हायचे.

गंगारामला स्वतःला जाकीट नव्हते. तो कंत्राटावरचा माणूस. खोके आले ते पोलिसांपुरते.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्हाला एक ट्रॉलर दिसला. त्यावर नंबर नव्हता. किनाऱ्याची राखण करायची म्हणजे अशी प्रत्येक होडी तपासावी लागते. आमची बोट त्याच्या कडेला लागली. वेदिकाने तिकडे पाय टाकला, तेवढ्यात लाट आली, दोन्ही होड्या एकमेकींपासून फाकल्या आणि ती मधल्या पाण्यात पडली.

मी तरंगले. तेच माझे काम. पण मी एकटेच वर येत होते! सुतळी तुटली. मी आधी तिच्या गळ्याशी आले, मग तोंडावर चढले. ती माझ्यातून खाली निसटत होती आणि तिचे नाकतोंड माझ्याच कापडात दबले होते. जिला वाचवायला मला शिवले, तिचाच श्वास मी कोंडत होते. मित्रांनो, असा क्षण कुठल्याच जाकिटाच्या वाट्याला येऊ नये.

"बाय, हात खाली दाब! सोडू नको त्याला!" गंगाराम ओरडला आणि त्याने तशीच उडी मारली. साठीचा माणूस, अंगात नुसती बनियन. त्याने एका हाताने माझी कॉलर धरली, दुसरा हात तिच्या काखेत घातला. ट्रॉलरच्या खलाशांनी दोर टाकला. नुकताच नवा रंग दिलेली साधी मासेमारीची होडी होती ती. नंबर घालायचा राहिला होता, एवढेच.

चौकीत साहेबांनी मला कौतुकाने थोपटले. "बघा, जाकिटाने जीव वाचवला!" ते अहवालात तसेच लिहायला बसले.

 वेदिका उठून उभी राहिली. "साहेब, तसं लिहू नका. मला गंगारामकाकांनी वाचवलं. जाकीट तर मला बुडवत होतं."

"अगं, सगळीकडे हेच माप येतं. आपलं कोण ऐकणार?"

तिने मला पुन्हा चढवले, पट्टे आवळले आणि म्हणाली, "आता खांद्याला धरून वर ओढा."

साहेबांनी ओढले. मी अलगद तिच्या डोक्यावरून निघून त्यांच्या हातात आले.  मग त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि मोजपट्टी मागवली.

त्या दुपारी सहाही जणांची मापे झाली. गंगाराम दारातूनच मागे फिरत होता. वेदिकाने त्याला हाताला धरून आत आणले. यादीत सातवे नाव त्याचे लागले.

चार महिन्यांनी जाकिटे आली, ज्याच्या त्याच्या मापाची. पण सहाच. कंत्राटी माणसांसाठी सोय नाही, असे उत्तर होते. वेदिकाने दुसरा अर्ज लिहायला घेतला आणि तोवर मला मागच्या खोलीतून बाहेर काढले. उसवलेली शिवण घातली आणि गंगारामपुढे धरले.

"चाळीस वर्षं दर्यात काढली गो. मला कशाला ह्या?"

"त्या दिवशी माझ्यासाठी उडी मारलीत, तेव्हा तुमच्या अंगावर काय होतं, काका?"

 गंगारामने लहान मुलासारखे हात वर केले. वल्ही मारून रुंद झालेल्या त्याच्या छातीवर मी नीट बसले. मी वाईट नव्हते, चुकीच्या अंगावर होते, हे मला तेव्हा कळले.

आता माझ्या आतला फोम दबला आहे. गंगारामचा भार मला किती दिवस पेलेल, सांगता येत नाही. दुसऱ्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

मित्रांनो, गस्तीची बोट दिसली तर हात जरूर हलवा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी अशा खोक्यांच्या खरेदीच्या कागदावर सही करणारे झालात, तर पेन उचलण्याआधी एवढेच विचारा : हे कोणाच्या अंगावर जाणार आहे, आणि कोण उघड्या अंगाने राहणार आहे?