रात्रपाळीतले दोघे

पाळण्याचं मागचं चाक उंबऱ्याला अडलं, तेव्हा मुलाने पाळणा उचलूनच खोलीबाहेर काढला. पंपवाल्यांच्या हातातलं मच्छरदाणीचं टोक सुटलं. सून बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती.

"थोडेच दिवस, बाबा," ती म्हणाली. "त्याला सवय लागेपर्यंत."

"असू दे. इथे तसंही ऊन येत नाही."

शहराच्या पाण्याच्या पंपावर त्यांनी सगळी नोकरी रात्रपाळीत काढली, म्हणून ते पंपवाले. लोक झोपले की ते मोटारी सुरू करत, टाक्या भरत, आणि लोक तोंड धुवायला नळ सोडत तेव्हा घरी येऊन पांघरूण ओढत. निवृत्त झाले, पंप सुटला, पण रात्र सुटली नाही. डोळा लागायचा तो उजाडल्यावरच. बायको म्हणायची, भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात. तुम्हाला मात्र उशाला सूर्यच लागतो. ती गेल्यावर असं म्हणणारंही कुणी उरलं नाही.

मग नातू झाला. दिवसभर ढाराढूर, दुधासाठी उठवावं तर दोन घोट घेऊन पुन्हा मान टाकी. दिवे लागले की मात्र टक्क जागा. सुनेच्या झोपेचं खोबरं झालं, मुलगा कामावर डुलक्या घेऊ लागला. शेवटी एकदा पंपवाल्यांनीच दार वाजवून बाळाला मागून घेतलं, आणि पाळणा त्यांच्या खोलीत आला. दुधापुरतं बाळ आईकडे जाई. बाकी वेळ दिवा लावून दोघांच्या गप्पा. पंपवाले त्याला मोटारींचे आवाज काढून दाखवत : नवी कशी गुरगुरते, हवा धरली की जुनी कशी खोकते. बाळ ओठांचा चंबू करून ऐके. एवढ्या वर्षांत पाळीवर पहिल्यांदाच सोबती मिळाला होता.

लसीच्या वेळी नर्सबाईंनी दोष कुणालाच दिला नाही. एवढ्या जिवाला दिवस-रात्र कुठली कळायला, त्या म्हणाल्या. ती उजेडाने हळूहळू कळते. दिवसा पडदे उघडे ठेवा, घरात बोलणं, भांडीकुंडी वाजू द्या. झोप घेऊ द्या, पण दुधाची वेळ टळली तर उठवा. रात्री अंधार, दूध, लंगोट, पुन्हा अंधार. खेळवायचं नाही. रात्री त्याच्याशी बोलतं कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुनेने मान खाली घातली. पंपवाले बाकावर बसून ऐकत होते.

म्हणून पाळणा हलला. दिवसाचं तरी मी बघतो, असं पंपवाले म्हणाले होते. पण रात्रभर जागलेल्या माणसाने दिवसा बाळाला जागं ठेवायचं म्हणजे आंधळ्याने रस्ता दाखवायचा. एका दुपारी सून पाहते तर पडदे ओढलेले, पंपवाले खुर्चीत घोरताहेत आणि छातीवरचं बाळ एका कुशीला घसरत आलेलं. तिने ते अलगद उचलून घेतलं.

संध्याकाळी मुलगा त्यांच्या खोलीत आला. त्याने आवाज चढवला नाही.

"लहानपणी तुम्ही झोपलात की आम्ही चवड्यांवर चालायचो, बाबा. एकदा माझ्या हातून ताट पडलं, तर आईने मला बाहेर पायरीवर नेऊन बसवलं. तुम्ही उठेपर्यंत. तुमच्या झोपेसाठी आम्ही एवढं केलं. आता त्याच्या झोपेसाठी तुम्ही करा."

"काय करू?"

"रात्री बाहेर येऊ नका. दिवा नको. आणि खोकला आला तर..." त्याने वाक्य तसंच सोडलं.

पंपवाल्यांना ते ताट आठवेना. ते तेव्हा झोपेत होते.

मुलाने सांगितलं तसं त्यांनी केलं. दाराखालून उजेड जातो म्हणून दिवा लावणं सोडलं, पाण्याचा तांब्या संध्याकाळीच उशाशी आणून ठेवला, खोकला उशीत दाबला. पलीकडे बाळ रडलं की उठून बसत, गप्प झालं की आडवे होत. उजाडल्यावर डोळे मिटू लागत, तोवर घरात पडदे सरकत, रेडिओ लागे, भांडी मुद्दाम जरा जोरात वाजत. सून विचारी, "बाबा, झोप झाली?" ते म्हणत, झाली.

बाळ सुतासारखं सरळ झालं. सुनेच्या तोंडावर पुन्हा तेज आलं. पुढच्या लसीला सगळेच गेले.

"रात्री झोपतो ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"पहाटे दुधाला एकदा उठतो, तेवढंच," सून म्हणाली. "आता सगळं घर झोपतं."

"उजेड कळला की पोरं आपोआप रुळतात."

पंपवाले बाकावरून उठले. "आणि सिस्टर, मोठ्या माणसाचं असं उलटं होऊन बसलं असेल तर? तो कधी रुळतो?"

नर्सबाई हसल्या. सूनही हसली.

"आजोबा मिश्किल आहेत हं तुमचे," सुई डब्यात टाकत बाई म्हणाल्या.

मुलगा बाळाला टोपी घालत होता. त्याची बोटं टोपीच्या बंदावर थांबली. त्याने वर पाहिलं, वडिलांच्या लाल डोळ्यांकडे, जरा वेळ. मग त्याने गाठ मारली.

"चला," तो म्हणाला. "त्याची झोपेची वेळ झाली."